हँडल वर, मोळी खाली

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, लेकाला न्हाई. विहारात हात जोडून बसलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा न्हाई. तुमाला सांगतो, कारण तुमी मला ओळखत न्हाई — आणि ओळखत असाल तर मग नीट बसून ऐका, कारण तुमी ज्याला ओळखता तो माणूस निम्माच आहे.

आधी माझी फुशारकी ऐकून घ्या. ती खोटी न्हाई. मी चौथी शिकलो, हट्टा गावचा माणूस, साखर कारखान्यात वायरमन म्हणून लागलो, आणि क्रेनच्या ब्रेकमधला माझ्यासारखा कान ह्या भागात दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे माझं मीच सांगायलो, कारण सांगणारी होती ती गेली. गया. माझी बायको. ह्या उन्हाळ्यात गेली. लग्नात, बारशात, दुकानाच्या फळीवर, जिथं चार बाया बसल्या तिथं ती सांगायची — “आमच्या ह्यांना क्रेन बोलून दाखवती, माझं इथं दुखून राहिलं म्हणून.” बाया हसायच्या. मी लांबून ऐकायचो आणि मान वळवायचो. लोकांना वाटायचं, लाजला.

काय असतो तो कान? सांगतो, अवघड न्हाई. क्रेनचं हँडल ओढलं की दोन आवाज येतात. आधी मोटर गुणगुणते. मग ब्रेक सुटतो — खट. मधी पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात मोटरनं वजन आपल्या अंगावर घ्यायचं असतं. तिनं घेतलं, की मग ब्रेकनं सोडायचं. चढावर भरलेली गाडी उभी केली तर चाकामागं दगड लावतो ना आपण? बैलांनी ओढ धरल्याबिगर तो दगड काढतो का कुणी? काढला तर गाडी मागं येते, मग मागं कुणी का उभा असेना. एवढीच विद्या. आधी गुणगुण, मग खट.

आता मोटरीला इन्व्हर्टर ड्राइव्ह लावतात. डब्बाच असतो तो, वर काच, काचेवर आकडे. करंट किती चढल्यावर ब्रेक सोडायचा, किती वेळ थांबायचं, उभं राहताना ब्रेकनं धरल्याशिवाय मोटरीनं सोडायचं न्हाई — सगळं त्यात आधी भरून ठेवायचं. क्रम चुकला की डब्बा फॉल्ट दाखवून गप बसतो. आताचे इंजिनिअर हुशार आहेत, ह्या डब्यातलं माझ्यापेक्षा जास्त त्यांना कळतं, मला त्यातलं एक बटण येत न्हाई. तरी कुठं अडलं की गाडी पाठवून देतात. मी खुर्ची टाकून बसतो. म्हणतो, डब्बा राहू द्या बाजूला, हँडल ओढा. ते ओढतात, मी डोळे मिटतो. “मामा, काय आलं कानावर?” मी सांगतो, खट आधी आला. न्हाईतर सांगतो, गुणगुण लटकी आहे, ब्रेकनं थोडं थांबावं. ते आकडे बदलतात आणि क्रेन चालती. हे असं सत्तरीतसुद्धा केलंय मी. अजून बोलावतात. अभिमान हाये मला त्याचा, कशाला लपवू?

पण लोक विचारतात — मामा, हा कान कमावला कुठं? मी म्हणतो, अनुभवानं. खरंच सांगतो मी. कुणाच्या जिवावरचा अनुभव, तेवढं सांगत न्हाई.

किसन हा माझा मेव्हणा. गयाचा धाकटा भाऊ. औंढ्याच्या बाजूचं त्यांचं गाव. त्यांची आई लवकर गेली. गयानंच त्याला कडेवर घेऊन वाढवला, आपल्या ताटातलं त्याच्या तोंडात घालून. लग्न होऊन आली तेव्हा मला पहिल्यांदा म्हणाली काय, तर “आमच्या किसनला कुठं तरी चिटकवा.” चिटकवला. मीच त्याला क्रेनवर नेला.

आणि काय हात होता त्याचा! दुष्काळ मागं पडून दोन-चार हंगाम झाले होते, ऊस मातलेला, गव्हाणीपुढं — जिथून ऊस मिलमधी जातो तिथं — बैलगाड्यांची रांग पार सडकेपतोर. क्रेननं गाडीतली मोळी साखळीसकट उचलायची आणि गव्हाणीत टाकायची, दिवसभर हेच. दुसरे ऑपरेटर हँडल खसकन ओढायचे. साखळी कडाडायची, बैल बुजायचे, गाडीवान शिव्या द्यायचे. किसन तसं करायचा न्हाई. पहिल्या टप्प्यावर हँडल धरून ठेवायचा, मोटरीला ओढ धरू द्यायचा, मग अलगद पुढं न्यायचा — साखळीचा ढिलेपणा हळूच निघायचा, मोळी झोपेतून उठल्यावानी उठायची. बैलांना कळायचंसुद्धा न्हाई. गाडीवान मुद्दाम त्याच्या पाळीला नंबर लावायचे. म्हणायचे, किसन उचलतो तर गाडी हलकी झाल्यावर बैलच मागं वळून बघतात, ऊस गेला कुठं म्हणून.

मी ऐकायचो आणि छाती फुगायची. माझा मेव्हणा होता ना.

आता तिकडं यावं लागतं. मघापासून मी क्रेनच्या विजेच्या पॅनलभोवतीच फिरून राहिलो, तुमाला कळलं असेल.

त्या पॅनलमधी कॉन्टॅक्टर असतात, म्हणजे मोटरीला वीज जोडणारे मोठे खटके. हँडल पहिल्या टप्प्यावर आलं की पहिला बसतो — मोटर गुणगुणते, पण जोर कमी. दुसऱ्या टप्प्याला दुसरा बसतो, मग पुरा जोर. ब्रेकला वीज मिळाली तरच तो सुटतो, आणि त्याची तार मुद्दाम दुसऱ्यावर दिलेली होती. म्हणजे जोर आल्याबिगर ब्रेक सुटायलाच नको. ज्यानं केली त्यानं डोकं लावून केली होती. एका सकाळी त्या दुसऱ्या कॉन्टॅक्टरवरची बारकी पट्टी जळाली. ब्रेकला वीजच जाईना. क्रेन ठप्प.

पट्टी नांदेडहून येणार. रांगेत बैल उभे, ऊस वाळायलेला, आत मिल रिकामी फिरायला लागली. साहेबांचा हुकूम होता — आमचे इंजिनिअर साहेब, भला माणूस — की मला विचारल्याबिगर पॅनलमधली एक तार हलवायची न्हाई. साहेब होते दोनशे पावलांवर, बॉयलरपाशी. विचारायला काय हरकत होती? हरकत एवढीच की विचारलं तर ते म्हणाले असते, थांबू द्या क्रेन. आणि मला सगळ्या रांगेसमोर ती क्रेन चालू करून दाखवायची होती.

मी ब्रेकची तार दुसऱ्या कॉन्टॅक्टरवरून काढली आणि पहिल्यावर लावली.

क्रेन चालली. गाडीवानांनी टोप्या उडवल्या. “वायरमन न्हाई, डाक्टर हाये डाक्टर!” मी पकड खिशात घातली आणि चालू लागलो. मला म्हाईत होतं काय केलं ते. बैलांनी ओढ धरायच्या आधीच दगड निघणार, असं करून ठेवलं होतं मी. हलक्या मोळीला काही होत न्हाई, मोटरीचा कमी जोर तिला पुरतो. म्हणलं, पट्टी आली की संध्याकाळी परत जागेवर लावून टाकू.

आणि किसनला सांगितलं का? न्हाई. काहून न्हाई? सगळ्यांसारखी टोपी त्यानंही उडवली होती, वर केबिनमधी. “दाजी, मानलं तुमाला!” असं वरडला. तेव्हा खालून त्याला एवढंच सांगायचं होतं — किसन, आज पहिल्या टप्प्यावर थांबू नको, सरळ दुसऱ्यावर ने. एवढं एक वाक्य. पण ते सांगितलं असतं तर माझं काम जुगाड ठरलं असतं. मी नुसता हात हलवला आणि गेलो.

दुपारी मी गव्हाणीच्या भिंतीला टेकून भाकर खात होतो. एक गाडी आली, ओला ऊस, मोळी जड. किसननं ती उचलली, गाडीच्या वर घेतली आणि मधीच थांबवली, कारण साखळीचं टोक चाकाच्या आऱ्यात अडकलं होतं. एक पाय गाडीच्या साट्यावर, त्या लाकडी चौकटीवर, ठेवून धनसिंग ते सोडवायला वाकला. तांड्यावरचा माणूस, साखळ्या लावायचं काम करायचा, सदा गाणं म्हणत. टोक निघालं. “घे वर!” असं त्यानंच वरडून सांगितलं. किसननं हँडल वर ओढलं. हळूच. पहिल्या टप्प्यावर धरलं, त्याची ती सवय.

मी भाकरीचा घास तोंडाशी नेला होता. खट. मग गुणगुण.

आधी खट.

मोळी वर जायची ती हातभर खाली आली. हातभरच. दुसरा कॉन्टॅक्टर बसला तशी परत वर गेली, जसं काही झालंच न्हाई. पण धनसिंगचा पाय साट्यावर चेपला होता. त्याचं वरडणं मी सांगत न्हाई. तो जगला. पाय वाकडा राहिला. पुढं तांड्यावर शेळ्या राखायचा. गाणं म्हणायचा का, मी कधी विचारायला गेलो न्हाई.

तर हा माझा कान. त्या घासाबरोबर तयार झाला.

सगळे धनसिंगला उचलायला धावले. मी पॅनलकडं धावलो. जुन्या पंपाच्या कॉन्टॅक्टरची पट्टी काढली, घासली, दुसऱ्या कॉन्टॅक्टरला बसवली आणि ब्रेकची तार तिच्या जागी परत लावली. हे सकाळीच करता आलं असतं, हे मला तार आवळताना सुचलं.  काम चोख झालं.

मग चौकशी. गव्हाणीपाशीच, सगळ्यांसमोर. साहेबांनी किसनला विचारलं, काय केलंस? तो म्हणाला, “साहेब, मी हँडल वर ओढलं, आन मोळी खाली आली.”

सगळे हसले. तुमीही हसला असता. वर ओढल्यावर खाली येईल कशी? साहेबसुद्धा म्हणाले, “अरे, चुकून उलटं गेलं असेल, तसं सांग. माणसाच्या हातून होतं.” किसन म्हणाला, “न्हाई साहेब. वरच ओढलं. खाली आली.” परत हशा. मग साहेब माझ्याकडं वळले. पॅनल तपासलं?

त्या तिथं, त्या साऱ्या माणसांत, वर ओढल्यावर खाली कसं येतं ते एकट्या मला म्हाईत होतं.

मी म्हणालो, “पॅनल बराबर हाये साहेब. बघा पाहिजे तर.”

साहेबांनी जड मोळी लावायला लावली. दुसऱ्या ऑपरेटरनं हँडल ओढलं, पहिल्या टप्प्यावर धरलं. मोळी जागची हलली न्हाई. पुढं ओढलं, वर गेली. दहादा करून पाहिलं. किसन माझ्याकडं बघत होता. संशयानं न्हाई. संशयानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो बघत होता, दाजी काही तरी शोधून काढतील ह्या आशेनं. मी पकडीनं उगाच एक नट आवळला.

मला नोकरीची भीती वाटली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तेही खोटं. साहेब मला काढणारे नव्हते, दोन दिवस घरी बसवलं असतं. मला भीती न्हाई वाटली. मला ‘चुकलो’ म्हणता येईना. सकाळी डाक्टर म्हणलेल्या माणसाला दुपारी ते म्हणवेना. बस, एवढंच.

किसनला काढला. घरी गया चुलीपाशी होती. तो दारात येऊन म्हणाला, “आक्का, मी वरच ओढलं.” ती त्याच्यावर चिडली न्हाई आधी. जवळ बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, “चुकलं तर चुकलं म्हण, भाऊ. धनसिंगच्या घरी जाऊ, पाया पडू. पण खोटं काहून बोलतोस? ह्यांनी सोता पाह्यलं पॅनल.” तो म्हणाला, वरच ओढलं. ती म्हणाली, “दीक्षा घेतली आपल्या बापानं. खोटं बोलणार न्हाई म्हणून शील घेतलं. तू एका माणसाचा पाय मोडून वरून खोटं बोलतोस? मग मी तुझी आक्का न्हाई.” आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “तुमी तरी सांगा ह्याला.”

मी तरी काय सांगितलं? “जाऊ दे आता,” म्हणालो. मोठ्या मनाचा माणूस दिसलो मी त्या दिवशी. गया तसंच सांगायची पुढं — “माझा भाऊ असून ह्यांनी कधी एक शब्द वाकडा काढला न्हाई.”

किसन औंढ्याला गेला. रस्त्याच्या कडेला सायकली दुरुस्त करायला बसला. त्याची गोष्ट त्याच्या आधी तिथं पोचली होती. लोक त्याला ‘उलट्या’ म्हणायला लागले. “काय उलट्या, हवा भरली की चाक बसतं का तुझ्याकडं?” तो हसायचा, म्हणे. पण कुणी नीट विचारलं तर तेच सांगायचा — वर ओढलं, खाली आली. इतकी वर्षं, शब्द बदलला न्हाई. एकदा जरी म्हणाला असता, उलटं गेलं असेल हातून, तर बहिणीचं दार उघडं होतं. तिनं तसा निरोपही धाडला होता. तो म्हणाला न्हाई. असा माणूस मी दुसरा बघितला न्हाई, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. मला वाटायचा हक्क न्हाई, तरी वाटतो.

आणि मी? दोन वर्षांनी दुसऱ्या एका ठिकाणी तशीच क्रेन बिघडली — वर ओढलं की आधी खाली यायची. कुणाला काही उमगेना. मला बोलावलं. मी डोळे मिटले, एकदा ऐकलं, आणि सांगितलं, ब्रेकची तार चुकीच्या कॉन्टॅक्टरवर आहे. उघडलं, तर तशीच. लोकांनी खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. तिथून माझं नाव झालं. गयानं त्या दिवशी शिरा केला. मी तो शिरा खाल्ला. एकदा तिनं सहज विचारलं होतं, “मग वर ओढल्यावर खाली येऊ शकतं का हो?” मी म्हणालो, “ह्या क्रेनचं येगळं होतं.” तिनं मान हलवली. माझ्या शब्दावर तिनं दुसऱ्यांदा प्रश्न केला न्हाई. कधीच.

दर पौर्णिमेला आमी विहारात जायचो. पंचशील म्हणायचं. चौथं शील खोटं न बोलायचं. तिथं आलं की माझे ओठ हलायचे, आवाज निघायचा न्हाई. एवढ्या माणसांत कुणाला कळणार? पण गया माझ्या शेजारच्या रांगेत बसायची. एकदा घरी येताना म्हणाली, “चौथ्याला तुमचा आवाज काहून येत न्हाई?” बघा — कान तिलाही होता. मी म्हणालो, खोकला येतो. पुढच्या पौर्णिमेपासून तिनं थर्मासमधी गरम पाणी आणायला सुरुवात केली. पंचशील सुरू व्हायच्या आधी कपभर मला द्यायची, तिथं बसून. शेवटपतोर द्यायची. मी प्यायचो.

पण मी तुमाला जे सांगायला बसलो ते हे न्हाई. तार हलवली, ती चूक. चौकशीत बोललो, तो लबाडपणा. त्याच्या पुढचं राहिलंय.

ह्या उन्हाळ्यात तिचं सरत आलं. कूस वळता येईना. मी तिच्यापाशी बसलो होतो. बाहेर ऊन, घरात आमी दोघंच. मी विचारलं, किसनला बोलावू का?  ती म्हणाली, “त्यानं खरं सांगितलं का?”

मी तिथं होतो. तिचा श्वास चालू होता, ती शुद्धीवर होती, कान शाबूत होता. औंढा काय लांब आहे? तिनं हो म्हणायचा अवकाश, तो तासाभरात पायाशी असता. मला दोन शब्द बोलायचे होते — त्यानं सांगितलं होतं. जन्मभर वजन तिच्या अंगावर देऊन मी बाजूला उभा होतो, ते त्या घडीला माझ्या अंगावर घ्यायचं होतं. मला ते सुचलं न्हाई असं न्हाई. सुचलं. आणि मला दिसलं, की ती मान वळवून माझ्याकडं बघेल, आणि त्या बघण्यात मी आतापतोर होतो तो नसेन.

मी म्हणालो, “न्हाई.”

ती म्हणाली, “मग राहू द्या.” आणि माझा हात थोपटला. माझा! मला वाईट वाटू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

जलदान विधीला किसन आला. म्हातारा झाला, सायकलच्या तेलानं नखं काळी. दारातच बसला, आत ये म्हणलं तरी आला न्हाई. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. पंचशील सुरू झालं. चौथं आलं. माझे ओठ हलले. शेजारून त्याचा आवाज आला — स्पष्ट, भरदार, घाई न करता, तो मोळी उचलायचा तसा. अख्खं वाक्य म्हणाला.

जाताना चप्पल घालून उभा राहिला. म्हणाला, “दाजी, आक्का माझं नाव काढत होती का?”

“काढत होती,” मी म्हणालो. आणि तेवढंच सांगितलं.

आता ती न्हाई, तर माझ्याकडं तसं बघणारंही कुणी उरलं न्हाई, म्हणून धीर आला — असं कुणी म्हणेल, तर बराबर म्हणेल. किसनला वाचता येतं. दुकानावर पेपर येतो त्याच्या, चारचौघं जमतात. हे त्या पेपरात छापून तिथं जाईल. त्यानं काय करावं ते मी सांगत न्हाई, आणि तुमीही मला काही सांगू नका.

ब्रेकची तार मी हलवली होती. किसननं हँडल वर ओढलं. मोळी खाली आली.